पत्रिका तर फाडली, पण रक्ताचा रिपोर्ट कुठे आहे?

लग्नसराई जवळ आली की आमच्या मोबाईलवर बायोडाटा येऊ लागतात. समाजकार्यात असल्यामुळे लोकांना वाटतं, यांच्या ओळखीत चार चांगली स्थळं असतील. वर तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली 'नमो बुद्धाय, जय भीम', मग नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, नोकरी, मामाचं गाव. रास, नक्षत्र, गण हे रकाने बहुतेकांनी काढून टाकले आहेत. एखाद्याच्या कागदावर ते दिसलेच तर समजायचं की झेरॉक्सवाल्याकडचा तयार नमुना तसाच वापरला आहे. मात्र एक ओळ जवळजवळ प्रत्येक बायोडाटावर असते : 'रक्तगट – बी पॉझिटिव्ह'.

गंमत अशी की लग्नासाठी रक्तगट जुळवावा लागत नाही. आई आरएच निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील तर डॉक्टर गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर अँटी-डीचं इंजेक्शन देतात. त्यासाठी स्थळ मोडण्याचं कारण नाही. आणि जे लग्नाआधी खरोखर पाहायला हवं, निदान आमच्या पूर्व विदर्भात तरी, ते या कागदावर कुठेच नसतं. ते म्हणजे सिकलसेलचा रिपोर्ट.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपल्या आजी-आजोबांनी जे सोडलं, त्यात ग्रह-नक्षत्रं आणि भटाची पोथी आली. तेव्हापासून आपण स्वतःला विज्ञानवादी म्हणतो आणि ते म्हणण्याचा आपल्याला अभिमान आहे. पण आम्ही वस्त्यांमध्ये दहा-बारा वर्षं फिरतो आहोत आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा खटकते. आपण काय नाकारलं याची यादी आपल्याला तोंडपाठ आहे. त्या जागी तपासण्याची सवय आली का, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला फारसा विचारत नाही. दुसऱ्याचा दावा आपण कसून तपासतो. आपल्याला आवडणारा, आपल्याला सोयीचा दावा तपासायची वेळ आली की आपणही मान डोलावतो. सिकलसेलच्या बाबतीत या सवयीची किंमत लहान मुलं मोजत आहेत, म्हणून आज या एकाच विषयावर बोलायचं आहे.

आधी आजार समजून घेऊ. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असतं, ते शरीरभर प्राणवायू पोचवतं. सिकलसेलमध्ये या हिमोग्लोबिनच्या साखळीतला एकच दुवा बदललेला असतो. ग्लुटामिक अ‍ॅसिडच्या जागी व्हॅलिन येतं, बस. केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हा बदल १९५७ मध्ये शोधून दाखवला, म्हणजे ज्या वर्षी बाबासाहेबांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' प्रसिद्ध झाला त्याच वर्षी. एवढ्याशा बदलामुळे प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठर होते. बारीक रक्तवाहिन्यांत अशा पेशी अडकतात आणि हाडं, छाती, पोट असह्य दुखू लागतं. त्याला डॉक्टर क्रायसिस म्हणतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते, म्हणून रक्त कायम कमी. लहान वयातच प्लीहा निकामी होत जाते आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो.

हा आजार संसर्गाने होत नाही, मागच्या जन्माच्या पापाने तर नाहीच. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं तर मूल आजारी, म्हणजे 'एसएस'. एकाकडूनच आलं तर मूल वाहक, म्हणजे 'एएस'. वाहकाला सहसा काहीही त्रास नसतो. तो शेतात राबतो, पोलीस भरतीत धावतो, त्याला आयुष्यभर कळतही नाही. म्हणूनच तपासणीशिवाय वाहक ओळखता येत नाही. 'आमच्या घरात कोणाला काही नाही' हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकलं असेल! ते खरं असतं आणि तरीही निरुपयोगी असतं.

विदर्भात हा आजार आदिवासींबरोबर आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणावर आहे. नागपूर भागातल्या रुग्णालयांत आणि अभ्यासांत सापडणाऱ्या रुग्णांमध्ये बौद्धांचा वाटा मोठा असतो, हे तिथले डॉक्टर, परिचारिका आणि रक्तपेढीतले कर्मचारी रोज पाहतात. तेली, कुणबी अशा इतर जातींतही तो आहे. ओळखीच्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा, नात्यात एक तरी मूल असं निघेल ज्याला 'हातपाय दुखण्याचा आजार' आहे आणि जे शाळेत महिन्यातून आठ दिवस गैरहजर असतं.

आता सरकारी बाजू. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये पंतप्रधानांनी राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन अभियान सुरू केलं. २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांत १७ राज्यांमधल्या ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट ठेवलं गेलं. अभियानाचं स्वागतच आहे. इतकी वर्षं या आजाराचं नाव अर्थसंकल्पाच्या भाषणात येत नव्हतं, ते आलं.

पण पुरावा मागायची सवय असेल तर दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. पहिला, आकडा कशाचा मोजला जातो? 'इतक्या कोटी लोकांची तपासणी झाली' ही बातमी येते. शाळेत शिबिर झालं, बोटातून रक्त काढलं, मूल घरी गेलं. त्यातल्या किती जणांच्या हातात निकाल पडला, पहिल्या चाचणीत संशयित निघालेल्या किती जणांची पक्की चाचणी झाली, किती जणांना औषध सुरू झालं आणि एक वर्षानंतर किती जण ते घेत आहेत, हे आकडे कळले तरच कामाचा अंदाज येतो. आम्हाला एका वस्तीत अशी मुलं भेटली ज्यांची तपासणी दोनदा झाली होती आणि निकाल एकदाही मिळाला नव्हता. कागदावर तिथे शंभर टक्के काम झालेलं होतं.

दुसरा प्रश्न जास्त अडचणीचा आहे. अभियानाचा भर आदिवासी भागांवर आहे, आणि तो असायलाच हवा. पण नागपूर, भंडारा, चंद्रपूरच्या शहरी आणि निमशहरी वस्त्यांतला बौद्ध मुलगा या व्याख्येत आपोआप बसत नाही. त्याच्यासाठी राज्याचा कार्यक्रम आणि सरकारी रुग्णालयातली खिडकी असते, तिथपर्यंत त्याला स्वतः जावं लागतं. आंबेडकरी संघटनांनी यावर निवेदनं द्यायला हवीत. शिष्यवृत्तीसाठी आपण जेवढे मोर्चे काढले त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही आवाज यावर झालेला आम्ही ऐकलेला नाही.

'निर्मूलन' या शब्दावरही थोडं थांबायला हवं. जनुक हे देवीच्या रोगासारखं लसीने संपणारं नाही. वाहक राहतील, त्यांची मुलं वाहक होतील, आणि त्यात काही बिघडत नाही. आजारी मूल जन्माला येण्याचं प्रमाण खूप खाली आणणं आणि जन्मलेल्याला नीट जगवणं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ असू शकतो. दुसरा काही अर्थ कोणी काढत असेल तर त्याला वेळीच अडवलं पाहिजे.

आता आपल्या घरात येऊ. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण मुक्त असण्याची २५ टक्के. हे गणित दहावीच्या पुस्तकातलं आहे. पण ते वापरताना चुका होतात आणि चुका नेहमी एकाच दिशेने, म्हणजे आपल्या सोयीच्या दिशेने होतात.

भंडाऱ्याकडच्या एका घरात पहिली मुलगी एसएस होती. दुसऱ्या खेपेला सून गरोदर राहिल्यावर आम्ही तपासणीचं सुचवलं. सासरे शिकलेले, निवृत्त शिक्षक, विहाराच्या समितीवर. ते म्हणाले, "चारातलं एकच ना जी? ते एक झालं. आता तीन चांगले." हा हिशोब पोत्यातून आंबे काढण्याचा झाला. चार आंब्यांतला एक नासका काढून टाकला की उरलेले तीन चांगले. गरोदरपण तसं नसतं. दर वेळी पोतं नव्याने भरलेलं असतं. दुसऱ्या वेळीही शक्यता तेवढीच, २५ टक्के. त्यांना हे समजलं, कारण माणूस गणिताचाच शिक्षक होता. त्यांनी आधी तसा विचार केला नव्हता, कारण तसा विचार करणं त्यांना नको होतं. यात आम्ही त्यांना दोष देत नाही. आजोबा होणाऱ्या कोणालाही तेच वाटलं असतं.

दुसरी चूक जास्त पसरलेली आहे. "अमक्याच्या दोन्ही पोरांचं तपासणी न करता लग्न झालं, काय झालं? काही नाही." समजा १०० जोडपी अशी आहेत की नवरा-बायको दोघंही वाहक आहेत आणि प्रत्येकाला दोन मुलं आहेत. त्यातल्या साधारण ५६ जोडप्यांना एकही आजारी मूल होणार नाही. ती ५६ घरं लग्नांत, बारशांत, विहाराच्या पायरीवर सांगत राहतील की काही होत नाही जी, डॉक्टर उगाच घाबरवतात. उरलेली ४४ घरं बोलणार नाहीत, कारण त्यांच्या मुलीचं लग्न अजून व्हायचं आहे. म्हणजे आपल्या कानावर येणारा पुरावाच गाळून आलेला असतो. समाजशास्त्रात आम्हाला शिकवलं होतं की नमुना कसा निवडला हे न पाहता निष्कर्ष काढायचा नाही. तो धडा परीक्षेपेक्षा या वस्त्यांमध्येच जास्त कामाला आला.

याला जोडूनच बाबा-वैद्यांचा प्रश्न येतो. आपल्या समाजात बुवाबाजी कमी आहे असं आपण म्हणतो आणि अंगात येणं, कोंबडं कापणं यापुरतं ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण सिकलसेलच्या रुग्णांना घेऊन जाणारी गाडी कुठल्या तरी गावच्या जडीबुटीवाल्याकडे दर अमावस्येला आजही जाते, आणि त्या गाडीत निळी दस्ती गळ्यात घातलेली माणसंही बसलेली असतात. त्यांना मूर्ख म्हणून विषय संपत नाही. ते खोटं बोलत नसतात. "औषध घेतलं आणि चौथ्या दिवशी पोर उठून बसलं" हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

मग चूक कुठे आहे? क्रायसिसचं दुखणं चढतं आणि बहुतेक वेळा काही दिवसांनी आपोआप उतरतं. माणूस बाबाकडे कधी जातो? दुखणं शिगेला पोचलं की. शिगेला पोचलेली गोष्ट त्यानंतर खालीच येणार. त्या दिवशी मुळी दिली काय, अंगारा दिला काय, नुसतं पाणी दिलं काय, चौथ्या दिवशी पोर उठून बसणार. डोळ्यांनी पाहिलेलं खरं असलं तरी त्याचं कारण डोळ्यांना दिसत नाही. आणि ज्या पोराला न्यूमोनिया होऊन ते दगावलं, त्याच्या घरचे पुढच्या अमावस्येला गाडीत नसतात.

या फसवणुकीतून सुटायचं कसं, यावर माणसाने एक रीत शोधून काढली आहे. हायड्रॉक्सीयुरिया नावाच्या औषधाचं उदाहरण घ्या. अमेरिका आणि कॅनडात वारंवार क्रायसिस येणाऱ्या २९९ प्रौढ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले गेले. एका गटाला खरं औषध, दुसऱ्याला तशाच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. आपोआप उतरणारं दुखणं दोन्ही गटांत सारखंच उतरणार, मनाची समजूतही दोन्हीकडे सारखीच. तरीही फरक उरला तर तो औषधाचा. १९९५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. औषध नसलेल्या गटात वर्षाला साधारण साडेचार क्रायसिस, औषधाच्या गटात अडीच. छातीचा गंभीर त्रास पहिल्या गटात ५१ जणांना, दुसऱ्यात २५ जणांना. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्या वेळेआधी थांबवला. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रौढांसाठी त्याला मान्यता मिळाली, पुढे लहान मुलांवरही अभ्यास झाले. हे औषध महाग नाही. ते सुरू असताना अधूनमधून रक्ताची तपासणी करावी लागते आणि मूल हवं असेल तेव्हा आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं. एवढी काळजी घ्यावी लागते, म्हणून 'कॅन्सरचं औषध आहे, देऊ नका' असं सांगणारे आमच्याकडे पुष्कळ भेटतात. ते काही कॅन्सरमध्येही वापरतात हे खरं. त्यावरून ते सिकलसेलमध्ये वापरू नये, हे कसं निघतं ते मात्र कोणी सांगत नाही.

विज्ञानवादी म्हणजे डॉक्टर आणि कंपनी म्हणेल ते खरं मानणारा, असाही अर्थ कोणी घेऊ नये. २०१९ मध्ये अमेरिकेत सिकलसेलसाठी व्होक्सेलोटर नावाचं नवं औषध आलं. त्याने हिमोग्लोबिन वाढतं असं दिसलं होतं आणि तेवढ्यावर मान्यता मिळाली. पुढच्या अभ्यासांत औषध घेणाऱ्यांमध्ये क्रायसिस आणि मृत्यू जास्त दिसू लागले तेव्हा सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. त्याच वर्षी, २०१९ मध्ये, आलेलं दुसरं औषध, क्रिझानलिझुमॅब, मोठ्या अभ्यासात साध्या सलाईनपेक्षा सरस ठरलं नाही, म्हणून युरोपने २०२३ मध्ये त्याची मान्यता काढून घेतली. काही मित्र यावर म्हणतात, बघा, विज्ञानही चुकतं. चुकतंच. पण चूक कोणी पकडली? पुन्हा मोजणाऱ्यांनीच. अमावस्येच्या गाडीवाल्या वैद्याने आजवर एकही मुळी मागे घेतलेली नाही.

आता त्या प्रश्नाकडे येऊ जो आम्हाला सर्वांत जास्त छळतो. लोकांना कळत नाही म्हणून ते तपासणी टाळतात, हे अर्धसत्य आहे. पुष्कळांना कळतं आणि कळतं म्हणूनच ते टाळतात. "ताई, पोरीचं नाव नका लिहू जी रजिस्टरात," असं एक माय आम्हाला हात जोडून म्हणाली होती. मुलगी फक्त वाहक होती, एएस. पण वस्तीत कळलं असतं तर 'बिमार आहे' हाच शिक्का बसला असता. मुलाच्या बाबतीत असं हात जोडणारं आम्हाला क्वचितच भेटलं, कारण मुलाचा रिपोर्ट कोणी मागतच नाही. मूल आजारी निघालं की आधी सुनेचं रक्त तपासलं जातं. एसएस मुलाला जनुक दोघांकडून येतं, निम्मं-निम्मं. पण दोष मात्र पूर्ण बाईच्या पदरात पडतो. हे विज्ञान नव्हे, ही मनुस्मृतीच आहे, फक्त पॅथॉलॉजी लॅबच्या लेटरहेडवर.

शिवाय बाहेरून येणारा शिक्का वेगळाच. 'हा त्यांच्या जातीचा आजार' असं पांढरपेशा वस्तीत बोललं जातं, हे आपण ऐकतो. त्याचं उत्तर रागाने देता येतं आणि पुराव्यानेही देता येतं. हे जनुक जिथे फॅल्सिपॅरम मलेरिया शतकानुशतकं होता तिथेच टिकलं. आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राकाठी, मध्य भारतात. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. म्हणजे ज्यांचे पूर्वज मलेरियाच्या मुलखात जंगलाकाठी जगले आणि तगले, त्यांच्या रक्तात ही खूण राहिली. यात हीन काही नाही.

ती खूण ठराविक समाजांत साठून राहण्याला मात्र जातीतल्या जातीत लग्न हे एक कारण आहे. जातिव्यवस्थेचा गाभा जातीअंतर्गत विवाहात आहे हे बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात मांडलं, तेव्हा ते समाजशास्त्र सांगत होते. जनुकशास्त्र पुढे त्याच वाटेवर येऊन भेटलं. आणि आपण? आजही परिचय मेळाव्यात बावणे की लाडवण, कोसरे की सोमवंशी, हे हळूच विचारलं जातं. दीक्षा घेऊन किती वर्षं झाली ते मोजायला नको. (आंतरजातीय लग्न केलं म्हणून तपासणी टळत नाही, हेही सांगून ठेवतो. वाहक दुसऱ्या जातीतही असतात. शिवाय एक सिकलसेलचा आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असला तरी मूल आजारी होऊ शकतं.)

तपासणीची भीती केवळ आपलीच नाही. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कृष्णवर्णीयांची सिकलसेल तपासणी अनेक राज्यांनी कायद्याने सक्तीची केली. समुपदेशन नाही, गोपनीयता नाही, वाहक आणि रुग्ण यांतला फरकही काही कायद्यांत धड नव्हता. निरोगी वाहकांना नोकऱ्या आणि विमा नाकारला गेला. अमेरिकी हवाईदलाच्या अकादमीत वाहकांना १९८१ पर्यंत प्रवेश नव्हता. तेव्हा ब्लॅक पँथर पार्टीने काय केलं? 'तपासणी हा गोऱ्यांचा डाव आहे' असं म्हणून ते घरी बसले नाहीत. १९७१ पासून त्यांनी स्वतःच्या मोफत दवाखान्यांतून, वस्तीवस्तीत जाऊन, आपल्याच माणसांची तपासणी सुरू केली आणि सरकारने या आजाराकडे दुर्लक्ष केल्याबद्दल जाबही विचारला. पुढच्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव त्यांचंच घेतलं. पँथरचा तो दवाखाना मात्र आपल्याकडे आला नाही. तो आता आणायला कोणाची हरकत आहे?

दवाखाना उघडणं मोठं काम झालं. त्याआधी साधी माहिती बिनचूक पोचवणं आपल्या हातात आहे. कोणत्या चाचणीचा अर्थ काय, हे कार्यकर्त्याला माहीत असलं पाहिजे. शिबिरात होणारी सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त आणि झटपट आहे, पण ती एएस आणि एसएस यांत फरक करत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात ती फसवी ठरू शकते, आणि नुकतंच रक्त चढवलं असेल तर कोणताच निकाल भरवशाचा नसतो. थॅलेसेमिया तर ती ओळखतच नाही. पक्कं निदान इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने होतं. 'शिबिरात निगेटिव्ह आला होता' एवढ्यावर लग्न ठरवू नये. आणि उलट, 'पॉझिटिव्ह आला' म्हणून लग्न मोडू नये. वाहक मुलीचं लग्न वाहक नसलेल्या मुलाशी निर्धास्त होऊ शकतं, त्यांचं एकही मूल एसएस होणार नाही. दोघंही वाहक असतील आणि तरीही त्यांना लग्न करायचंच असेल तर तो त्यांचा अधिकार आहे. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी होऊ शकते. निर्णय त्या दोघांचा, वस्तीचा नाही.

जे आधीच जन्माला आले आहेत, त्यांचंही काही आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या यादीत सिकलसेल आहे. पण सरकारी नोकरीतल्या चार टक्के दिव्यांग आरक्षणाच्या प्रवर्गांत तो नाही. महिन्याला आठ दिवस अंथरुणाला खिळणाऱ्या तरुणाला प्रमाणपत्र मिळतं, नोकरीची जागा मिळत नाही. आपल्या निवेदनांत हा मुद्दाही यायला हवा.

शेवटी आपल्या आवडत्या सुत्ताबद्दल. कालाम सुत्ताचं पोस्टर आपल्या अनेक विहारांत आणि जवळजवळ सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असतं. त्यावर साधारण असं लिहिलेलं असतं की तुमच्या स्वतःच्या बुद्धीला पटेल तेवढंच माना. मूळ उपदेश त्याहून कडक आहे. परंपरा, ऐकीव गोष्ट, ग्रंथ यांच्याबरोबरच नुसता तर्क आणि 'हा आपला गुरू आहे' हा आदर, यांवरही विसंबू नका, असं तथागत केसपुत्ताच्या लोकांना सांगतात. एखादी गोष्ट आचरली की त्यातून अहित आणि दुःख येतं की हित आणि सुख, ते स्वतः जाणून घ्या, जाणकारांचं मतही पाहा आणि मग ती सोडा किंवा धरा. म्हणजे 'मला पटलं' एवढं पुरेसं नाही. निवृत्त शिक्षकांना ते पोत्यातल्या आंब्यांचं गणित पटलंच होतं.

आपण मात्र पोस्टर पुढे पाठवतो आणि मूळ पाहत नाही. आइनस्टाइनच्या नावाने फिरणारं बौद्ध धम्माच्या स्तुतीचं वाक्यही तसंच. त्याने १९३० च्या एका लेखात बौद्ध धर्माचा आदराने उल्लेख केला होता, हे खरं आहे. पण जे वाक्य फॉरवर्ड होतं ते त्याचं असल्याचा पुरावा नाही. कोणी हे दाखवून दिलं तर आपल्याच ग्रुपवर त्याला 'मनुवाद्यांचा एजंट' म्हणतात. आमच्यावर ही वेळ दोनदा आली आहे. ज्या ग्रुपवर आइनस्टाइनचं वाक्य तपासता येत नाही, त्याच ग्रुपवर उद्या 'सिकलसेल २१ दिवसांत बरा' हा मेसेज येतो. तेव्हा तो कोण अडवणार?

गेल्या महिन्यात आमच्याकडच्या परिचय मेळाव्याच्या तयारीची बैठक होती. आम्ही अर्जात सिकलसेलचा रकाना घालायचं सुचवलं. एका ज्येष्ठ उपासकांनी कडाडून विरोध केला, मुली बसून राहतील म्हणाले. त्यांचं म्हणणं आम्हाला चुकीचं वाटलं नाही. छापील पुस्तिकेत 'एएस' लिहिलं तर मुलीचंच पान आधी उलटलं जाईल. म्हणून आम्ही मागणी बदलली. पुस्तिकेत निकाल छापायचा नाही. फक्त 'पक्की तपासणी झाली आहे का – हो/नाही' एवढंच, आणि ते मुलगा-मुलगी दोघांसाठी सारखंच सक्तीचं. निकाल दोन घरांनी बोलणी पुढे गेल्यावर, साक्षगंधाच्या आधी एकमेकांना दाखवायचे. मेळाव्याच्या महिनाभर आधी विहारातच शिबिर, आणि निकाल बंद पाकिटात, ज्याचा त्याच्या हातात.

दोन तास चर्चा झाली. शिबिराला मंजुरी मिळाली, रकान्याचा विषय पुढच्या पौर्णिमेच्या बैठकीवर गेला. निघताना सचिवांनी गेल्या वर्षीचा अर्जाचा नमुना आमच्या हातात दिला, म्हणाले, कुठे बसवता ते पेन्सिलने दाखवून ठेवा. त्यात जागा होती. सातव्या ओळीवर 'रास' हा शब्द गेल्या वर्षीही चुकून छापून आला होता.